आंधळगावचा तिसरा धोटा

अम्मीच्या पेटीत एक करवती साडी आहे. ती आंधळगावची, एवढेच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातले हे कोसा विणणारे गाव पाहायला यंदा सुट्टीत आम्ही दोघे लेकीला घेऊन निघालो. तिच्या पिशवीत वही, शाईचे पेन आणि जलरंगांची लहानशी डबी.

तिला सध्या अर्बन स्केचिंगचे वेड आहे. सिॲटलमधले पत्रकार-चित्रकार गॅब्रिएल कॅम्पनारिओ यांनी २००७ मध्ये ही चळवळ सुरू केली. चित्र जागेवर बसून काढायचे आणि दिसते तेच काढायचे, हा तिचा मुख्य नियम.

एका विणकर काकांनी मागाजवळ बसू दिले. आधी शाईची रेघ, ती वाळली की रंग. शाई पाण्याने न फुटणारी हवी. आम्ही एक वही खराब करून हे शिकलो. कोशाचा रंग मात्र भलताच अवघड निघाला. पिवळा नाही, तपकिरीही नाही. यलो ऑकरमध्ये बर्न्ट सिएनाचा थेंब, भरपूर पाणी, आणि चमक हवी तिथे कागद कोराच सोडायचा. पांढरा रंग लावला की कोसा मेलाच!

काकांनी चित्र पाहिले. "पोरी, धोटे तीन असतात. तू दोनच काढले."

दोन काठांचे दोन, मधल्या अंगाचा तिसरा. काठाचा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकतो तिथे करवतीचे दात उमटतात. इतकी वर्षे ती साडी पाहूनही आमच्या हे लक्षात आले नव्हते.

लेकीने नवे पान घेतले. शेजारच्या बंद मागावर धान्याची पोती होती.

"तोही चालू दाखव ना," काका म्हणाले. "पोरगा बसायचा त्यावर."

तिने आमच्याकडे पाहिले. नियम पाळायचा की काकांचे मन राखायचे? आम्हाला उत्तर सुचले नाही. तिने पोती होती तशीच रेखाटली. पण त्यांच्याआडून दिसणारी फणी इतकी बारकाईने काढली, की चालत्या मागापेक्षा तिलाच जास्त वेळ लागला.

काका बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हे मला देशील?"

तिने पान फाडून दिले. अस्रची वेळ होत आली होती, आम्ही निघालो. वहीत आता दोन धोट्यांचेच चित्र उरले आहे. अम्मीने ते पाहिले आणि पेटीतली साडी काढायला सांगितली.