मादी आहे, चालेल?

कुत्र्यांचा माज मुख्यतः भाद्रपदात. पुढं नऊ आठवडे धरले की पिल्लं येतात ती कार्तिक-मार्गशीर्षात, नेमकी थंडीच्या तोंडावर. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यात तेव्हा भाताची झोडणी उरकत आलेली असते. कुत्री पेंढ्याच्या आडोशाला विते आणि थोड्याच दिवसांत आमच्या निवाऱ्याचा फोन वाजायला लागतो. आई पुणे-सातारा रस्त्यावर गाडीखाली आलेली असते, वेल्ह्याच्या बाजूला असेल तर बिबट्यानं नेलेली. कधीकधी आई जिवंत असते आणि पिल्लं तेवढी गोणीत भरून कुणीतरी फाट्यावर ठेवलेली असतात.

निवारा लहान आहे. कुत्र्यांशी खेळायला मिळेल म्हणून कॉलेजची पोरं हौसेनं येतात, त्यांच्या हातात आधी खराटा येतो. पिंजरे धुणं, भांडी घासणं, गोचीड काढणं, यातच सकाळ जाते. जी पोरं पुढच्या रविवारी परत येतात, ती मग टिकतात.

लस न झालेली पिल्लं मात्र आम्ही तिथं ठेवत नाही. कारण पार्व्हो. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो. ब्लीचच्या पाण्यानं फरशी धुता येते, अंगण कसं धुणार? म्हणून पिल्लं स्वयंसेवकांच्या घरी जातात. आमच्याकडं पहिल्यांदा खोकं आलं तेव्हा सासूबाईंनी आत डोकावून विचारलं, "पिल्लं आणलीस, बाळंतीण कुठंय?"

ती बाळंतीण मीच, हे रात्री कळलं. डोळे न उघडलेल्या पिल्लाला स्वतःच्या अंगात ऊब धरता येत नाही. गारठलेल्या पिल्लाला दूध पाजलं तर ते पचतही नाही, म्हणून आधी ऊब आणि मग दूध. आमच्याकडं विजेचा भरवसा नाही, त्यामुळं बल्बपेक्षा टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली बरी. गाईचं दूध पातळ पडतं. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं त्याच्या दुपटीच्या आसपास असतात. नुसत्या गाईच्या दुधावर पिल्लं हगवणीनं जातात. त्यांच्यासाठी वेगळी दूध पावडर मिळते, ती पुण्याहून मागवावी लागते. पाजताना पिल्लू पोटावर, मान किंचित वर. तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं, आणि नवखी माणसं हटकून तसंच धरतात. दर दोन-तीन तासांनी पाजायचं, रात्रीसुद्धा. पाजून झालं की कोमट ओला कापूस बुडाशी फिरवायचा. आई चाटते म्हणून एवढ्याशा पिल्लाला लघवी होते. आपोआप होत नाही. दुसऱ्या आठवड्यात जंताचं औषध सुरू होतं, त्याच सुमारास डोळे उघडतात, आणि तिथून पुढं घरातली एकही चप्पल धड राहत नाही.

काही पिल्लं वाचत नाहीत. सगळं नीट करूनही नाही.

वाचलेल्यांना सहा-आठ आठवड्यांची झाली की पहिली लस देतो आणि घर शोधायला लागतो. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, नर आहे ना?" नर लगेच जातात. माद्या राहतात. "मादी नको ताई. वर्षात दोनदा वेणार, पिल्लं कुणाच्या दारात टाकू?" त्या माणसाला मी निर्दयी म्हणणार नाही. त्याचा हिशेब बरोबर आहे. मला राग येतो तो फार्महाऊसवाल्यांचा. राखणीला म्हणून पिल्लू नेतात आणि रखवालदार काम सोडून गेला की कुत्रं फाटकाबाहेर. तोरण्याच्या वाटेवर ट्रेकरांच्या बिस्किटांवर जगणारी कुत्री पाहून ज्यांना गहिवरून येतं, त्यांनी गर्दी ओसरल्यावरही एकदा तिकडं जाऊन यावं.

२०२३च्या केंद्रीय नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस ही स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. शस्त्रक्रिया झाल्यावर कुत्रं सहसा जिथून उचललं तिथंच परत सोडायचं असतं. नियम चांगला आहे. पण डोंगरातल्या छोट्या ग्रामपंचायतीनं शस्त्रक्रियेची सोय आणायची कुठून? गावाकडच्या दवाखान्यात सगळी धावपळ गाई-म्हशींची. शस्त्रक्रियेसाठी बहुतेक वेळा पुणंच गाठावं लागतं, आणि एका कुत्रीसाठी गाडीभाडं कोण भरणार?

म्हणून आम्ही आता मादी देतानाच सांगतो, सहा महिन्यांची झाली की आम्ही येऊन नेऊ, ऑपरेशन करू, टाके सुकले की परत आणून सोडू, खर्च आमचा. हे ऐकल्यावर नकार देणारी बरीच माणसं थांबतात. काहीजण खरंच नेतात. नंतर गाडीची व्यवस्था करताना दमछाक होते, तरी निवाऱ्यातलं माझ्या मते सगळ्यांत उपयोगाचं काम हेच. पिल्लं वाढवण्यापेक्षाही.

तेव्हा भोर, नसरापूर, वेल्ह्याकडं गाडी घेऊन येणार असाल तर बिस्किटांचे पुडे आणू नका. जुने टॉवेल, चादरी, वर्तमानपत्रांची रद्दी आणा. आणि परतताना मागची सीट रिकामी असेल तर ऑपरेशनला निघालेल्या एखाद्या कुत्रीला पुण्यापर्यंत नेऊन सोडा.