ताराचा हिवाळा

अकरावीच्या प्रवेशापासून आजवर मी बरेच अर्ज भरले. प्रत्येक अर्जात एक रकाना असतो : 'वडिलांचा व्यवसाय'. त्या रकान्यापाशी आले की माझे पेन अडते. कधी मी 'शेती' लिहिले, कधी 'किरकोळ व्यापार'. वास्तविक आमच्या नावावर एक गुंठाही जमीन नाही आणि व्यापार म्हणावा असे घरात काही नाही. घरात आहे ती एक पांढरी घोडी, तारा. आप्पा तिला लग्नाच्या वरातीला नेतात. नवरदेव वर बसतो, आप्पा लगाम धरून पुढे चालतात. आजोबा टांगा हाकीत. टांगे गेले, रिक्षा आल्या, आणि घोडा टांग्यातून सुटून वरातीत आला. आमच्या घराण्याचा एवढाच इतिहास. कॉलेजात येणारा त्यातला मी पहिला.

मागच्या वर्षी, मी प्रथम वर्षाला असताना, तुळशीचे लग्न झाले आणि वराती सुरू झाल्या. एका रात्री आप्पांच्या अंगात ताप होता म्हणून लगाम माझ्या हाती आला. थंडीचे निमित्त करून मी मफलर नाकापर्यंत गुंडाळला होता. खरे कारण निराळे होते. वरात माझ्याच वर्गातल्या एका मुलाच्या भावाची होती. जनरेटरच्या झगझगीत उजेडात तारा उभी राहिली आणि मागून कोणीतरी म्हणाले, "अरे, ही घोडी आहे की अस्वल?" सगळे हसले. मफलराच्या आड मीही हसलो. ते हसणे मला अजून आठवते.

अस्वल म्हणणाऱ्याचे अगदीच चुकले नव्हते. त्या हिवाळ्यात ताराच्या अंगावर कधी नव्हे इतके केस आले होते. पोटाखाली, जबड्याखाली, पायांवर लांब लांब केस लोंबत. शेणामुताचे डाग त्यांत बसून पांढरी घोडी पिवळट दिसे. कितीही खरारा केला तरी चकाकी येईना. दुसरे घोडेवाले गुळगुळीत घोड्या घेऊन येत. गिऱ्हाईक आधी तिकडे बघे.

पुढे मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, आप्पांबरोबर सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो. तापीकाठचे हे गाव शहादे तालुक्यातले. 1998 साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तोवर धुळे जिल्ह्यात होते. एकमुखी दत्ताची ही यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी नावाजलेली. राजस्थान, गुजरात, पंजाबकडून व्यापारी येतात. मारवाडी, काठेवाडी घोड्यांचे कान वर एकमेकांना टेकलेले असतात. आप्पा तिथे काही विकत घेत नाहीत. देवळात जसे हिंडावे तसे हिंडतात. दातांवरून वय बघतात, भोवरे बघतात आणि पुढे सरकतात.

तिथे एका व्यापाऱ्याच्या तंबूत मी एक नवल पाहिले. एक मोतद्दार विजेच्या मशीनने घोड्याचे केस काढत होता. केसांच्या उलट दिशेने मशीन फिरे आणि मागे मखमलीसारखा पट्टा उमटे. अर्ध्या तासात घोडा नवा झाला. मी पाहतच राहिलो. त्यानंतर मोतद्दाराने घोड्याच्या अंगावर एकावर एक दोन जाड झुली घातल्या आणि पट्टे आवळले, हेही माझ्या डोळ्यांसमोरच झाले. पण मी मशीन पाहिले. झुलींकडे माझे लक्षच गेले नाही.

घरी आल्यावर आप्पांजवळ विषय काढला. ते ताराच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "केस तुन्हा नही, तिन्हा शेतस. तिले इचार." मला ते अडाणीपणाचे बोलणे वाटले. मी कॉलेजात शिकत होतो!

दोनच दिवसांनी आप्पा सुपारी ठरवायला धुळ्याला मामाकडे गेले. मी केशकर्तनालयातल्या एका मित्राकडून त्याचे लहान मशीन आणले आणि कामाला लागलो. माणसाच्या डोक्यासाठी केलेले ते यंत्र. दर चार बोटांवर अडे, पाते तापे. तापलेले पाते लागले की ताराचे कातडे थरथरे. तरी ती हलली नाही. संध्याकाळपर्यंत घोडी पायऱ्यापायऱ्यांची, पण पांढरी झाली. मी खूष होतो. आमच्याकडे झूल होती ती वरातीची, जरीची आणि पातळ.

त्या आठवड्यात जळगावचा पारा 9 अंशांवर उतरला. उन्हाळ्यात 45 अंश सोसणारे आमचे खानदेश थंडीतही हात राखत नाही. दुसऱ्या पहाटे तारा कोपऱ्यात कमान करून उभी होती आणि तिचे सर्वांग कापत होते. तिने दाणा तोंडात घेतला नाही. मग खोकला लागला. दहा दिवस ती ठाणावरून हलली नाही, चार सुपाऱ्या परत कराव्या लागल्या. आप्पांनी मला मारले नाही, रागावलेही नाहीत. घरातली गोधडी तिच्यावर सुतळीने बांधता बांधता एवढेच म्हणाले, "तुले थंडी वाजनी त तू गोधडी लेस. तिन्ही गोधडी तू कापी टाकी." माय चुलीपुढे बसली होती, तिने मान वर केली नाही. चार सुपाऱ्या म्हणजे माझी वर्षाची फी होती.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचले, दवाखान्यात विचारले. आपल्याकडे घोड्याचे शास्त्र जुने आहे. शालिहोत्राचे नाव त्याला पडलेले आहे. नकुलाच्या नावावर अश्वचिकित्सेचा ग्रंथ आहे. हाच नकुल विराटाच्या घरी ग्रंथिक नाव घेऊन घोडे सांभाळीत होता. महाभारतातल्या राजपुत्राला ज्या कामाची लाज वाटली नाही, त्यासाठी मी मफलर गुंडाळला होता.

वाचले त्यात मला सर्वांत नवल वाटले ते हे की, घोडा केस वाढवतो तो मुख्यतः थंडी वाजते म्हणून नव्हे. दिवस लहान होतो म्हणून. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडाचे तास त्याचा मेंदू मोजत असतो. रात्र लांबली की मेंदूतली एक लहानशी ग्रंथी मेलाटोनिन नावाचा रस अधिक वेळ सोडते. आपल्याकडे जूनमध्ये दिवस साडेतेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरात तो अकरा तासांच्या आत येतो. आषाढापासून दिवस आखडू लागतो. आपण घामाघूम असतो तेव्हाच घोड्याच्या अंगात हिवाळ्याची तयारी सुरू झालेली असते. मग डिसेंबरच्या शेवटी दिवस पुन्हा वाढू लागला की, थंडी कडाक्याची असली तरी, शरीर केस सोडायच्या तयारीला लागते. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो असे आपल्या आज्या म्हणतात. घोड्याला तो तीळ कळतो. शर्यतीच्या घोड्यांची पैदास करणारे लोक म्हणूनच हिवाळ्यात घोड्यांच्या पागेत दिवे लावून दिवस सोळा तासांचा करतात. घोड्या लवकर माजावर येतात आणि त्यांचे केसही लवकर गळतात.

केसांचे कामही मी समजत होतो त्याहून बारीक आहे. थंडीत प्रत्येक केस ताठ उभा राहतो आणि मधे हवेचा थर कोंडला जातो. तीच त्याची गोधडी. केस घामाने भिजून चिकटले की तो थर जातो. म्हणून थंड मुलखात कष्टाच्या घोड्याचे केस काढतात : लांब केसांचा घोडा धावून घामेजला की तासन्‌तास वाळत नाही आणि गारठतो. पण तेही बेताने. काही घोड्यांचे फक्त मान आणि पोट भादरतात. शिकारीच्या घोड्यांचे पाय आणि खोगिराखालची जागा राखतात. आणि जेवढे काढले तेवढे झुलीने परत द्यायचे, हा नियम. सारंगखेड्याच्या मोतद्दाराला तो ठाऊक होता.

इथवरची चूक माझी मी फेडली असती. पण गोष्ट इथे संपली नाही.

महिनाभरात ताराचे केस परत आले, आणि भराभर आले. आप्पा बोटांत धरून पाहत आणि गप्प राहत. होळीनंतर सगळ्यांच्या घोड्यांनी केस टाकले. खराऱ्याला मूठ मूठ लव निघते ते हे दिवस. ताराच्या अंगावरून एक केस पडेना. "तू कापले म्हणून यंदा तिचे चक्र चुकले असेल," असे आप्पा म्हणाले आणि आम्ही वाट पाहिली. लग्नसराई भरात होती. तारा पाय जपून टाकी. आम्ही म्हटले, डांबर तापले आहे. पाठीवरचे मांस उतरले होते. आम्ही म्हटले, आजारातून उठली आहे, आणि चंदी वाढवली, वर गूळ दिला. आखाजी आली. घरोघरी झोके बांधले गेले, मुली गाणी म्हणू लागल्या. आणि आमची घोडी वैशाखाच्या उन्हात डिसेंबरचे केस पांघरून, नाकपुड्या फुलवून उभी होती. बादलीमागून बादली पाणी पिई.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला लांबूनच पाहिले आणि वय विचारले. आप्पांनी बावीस सांगितले. ते म्हणाले की मेंदूच्या तळाशी पीयूषिका ग्रंथी असते; म्हाताऱ्या घोड्यांत ती बिघडते. मेंदूचा जो लगाम तिच्यावर असतो तो सैल पडतो आणि ती भलतेच रस सोडू लागते. रक्त तपासता येते, पण या वयात न गळणारे केस हीच मोठी खूण. खूप तहान, उतरलेली पाठ, दुखणारे खूर, सगळे त्यातलेच. बरा होणारा रोग नाही. कायमची गोळी असते, आणि ती आमच्या ऐपतीतली नव्हती. "गूळ आणि दाणा आजपासून बंद," ते म्हणाले, "त्यानेच खूर जास्त दुखतात. वराती बंद. आणि हे केस काढून टाका."

परतताना मी आणि आप्पा तारासह पायीच होतो. माझ्या डोक्यात एकच विचार घुमत होता. त्या हिवाळ्यात कधी नव्हे इतके केस आले, ती काही थंडीची करामत नव्हती. ताराच्या अंगाने आम्हांला धाडलेला तो निरोप होता. आप्पांना वाचता येत नाही, पण हा निरोप त्यांनी वाचला असता. त्यांचा हात रोज त्या पाठीवर फिरत होता. मी शिकलेला. मी तो निरोप कातरून उकिरड्यावर टाकला, आणि पुढचे चार महिने तिचे प्रत्येक लक्षण माझ्या कापण्याच्या नावावर खपून गेले. त्या चार महिन्यांत ती दुखऱ्या खुरांवर वराती चालली.

धुळ्याच्या मामाने ओळखीच्या घोडेवाल्याकडून मोठे मशीन आणले. सकाळी उन्हाआधी, निंबाखाली आम्ही तिला उभे केले. आप्पांनी तोंडाशी धरले आणि मशीन माझ्या हातात दिले. माझा हात पुढे होईना. ते म्हणाले, "आते काप. आते तिले जोयजे."

या वेळी मी घाई केली नाही. आधी तिला धुऊन वाळवले होते. काखेतले कातडे ताणून धरले. पाते दर थोड्या वेळाने मनगटाला लावून तापले का ते पाहिले, तेल दिले. केसांचे गठ्ठेच्या गठ्ठे खाली पडू लागले. खालून जी तारा निघाली ती मला ओळखू आली नाही : बरगड्या मोजाव्यात अशी, पाठीचा कणा वर आलेला. इतके दिवस केसांनी ते झाकले होते. मान झाली, पोट झाले, तेव्हा तिने एक लांब श्वास सोडला आणि डोके आप्पांच्या खांद्यावर टेकले. केस आवरायला गेलो तर माय म्हणाली, राहू दे. दोन दिवस चिमण्या ते चोचीने नेत होत्या.

इतिहासाच्या तासाला सरांनी शिलेदार आणि बारगीर यांतला फरक सांगितला. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येतो तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारातून मिळतो तो बारगीर. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतले. मला मात्र लिहिता लिहिता आप्पा दिसले. या हंगामापासून ते दुसऱ्याची घोडी घेऊन रोजाने वरातीला जातात. तीन पिढ्यांचा शिलेदार बारगीर झाला. रविवारी मीही जातो. मफलर आता गळ्यातच असतो.

तारा आहे. कडबा खाते, उन्हाला उभी राहते. या थंडीत तिचे केस पुन्हा अस्वलासारखे वाढले आहेत आणि आम्ही त्यांना हात लावलेला नाही. परवा संक्रांत झाली. दिवस आता तिळातिळाने वाढेल आणि बाकीच्या घोड्यांना तो कळेल. ताराला कळणार नाही. म्हणून फाल्गुनात मशीनचे पाते धार लावून आणायचे, हे मी माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहे.

परीक्षेचा अर्जही नुकताच भरला. त्या रकान्यात या खेपेस 'घोडेवाले' असे लिहिले. कारकुनाने वाचले, शिक्का मारला आणि पुढचा अर्ज घेतला.