मातीच्या मैदानावरील मारुती

आमच्या अंगणात पत्र्याच्या छपराखाली पाच वर्षे उभी असलेली मारुती 800 गाडी सांप्रत घरातील वादाचा विषय होऊन बसली आहे. धाकट्या पुतण्यास ती मातीच्या मैदानावरील शर्यतीत पळवावयाची आहे. आमच्या थोरल्या बंधूंस, म्हणजे त्याच्या तीर्थरूपांस, ती भंगारात गेलेली चालेल, पण मुलगा तीत बसलेला चालणार नाही. दोन्ही पक्ष आमच्याकडे दाद मागतात. कारण सारा जन्म शाळेत गेल्यामुळे निकाल लावण्याचे काम आमचे, असा घरात समज आहे. तेव्हा निकालापूर्वी विषय तरी समजून घ्यावा, म्हणून आम्ही महिनाभर मिस्त्रीशेजारी स्टूल टाकून बसलो.

या जातीची गाडी 1983 च्या डिसेंबरात प्रथम रस्त्यावर आली आणि 2014 च्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. सिलिंडर तीन, त्यांचे एकूण आकारमान 796 घन सेंटिमीटर, शक्ती सुमारे 37 अश्वांची. एवढ्या बळावर शर्यत कसली, असे कोणासही वाटेल. तथापि याच इंजिनावर ‘फॉर्म्युला मारुती’ नावाच्या शर्यती होत असत, आणि 2005 साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले पहिले भारतीय नारायण कार्तिकेयन यांची पहिली शर्यत तीच होती. पुतण्या हा दाखला दिवसातून दोनदा देतो.

त्याचा हट्ट असा की, इंजिनाचे हेड अर्धा मिलिमीटर तासून घ्यावे. गॅरेजवाले यास फेसिंग म्हणतात. आम्ही पाटी घेतली. प्रत्येक सिलिंडरात दट्ट्या 265 घन सेंटिमीटर जागा झाडतो आणि वर सुमारे 34 उरते. म्हणजे पेट्रोल-हवेचे मिश्रण पावणेनऊ पट दाबले जाते. अर्धा मिलिमीटर तासल्याने वरची जागा फार तर पावणेदोन घन सेंटिमीटरने घटेल आणि दाब जेमतेम सव्वानऊ पटीवर जाईल. लाभ एवढाच. उलटपक्षी दाब वाढला की ज्योत पोहोचण्यापूर्वीच मिश्रणाचा उरलेला भाग आपोआप भडकू लागतो, आणि दट्ट्यावर हातोडीचे घाव बसावेत तशी खडखड ऐकू येते. सोलापूरच्या वैशाखात, पारा 40 अंशांपलीकडे गेला असता, हे भय अधिकच. शिवाय त्याला ज्या वर्गात उतरावयाचे, तो मूळ घडणीच्या इंजिनांचा. तासलेले हेड तेथे लबाडीत मोडते. गणित पाहून मुलगा हिरमुसला, परंतु त्याने पुन्हा हट्ट केला नाही.

मिस्त्रीचे वडील जुन्या गिरणीत जॉबर होते. 1877 साली सुरू झालेली ती गिरणी कधीच बंद पडली. पण मागाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा कान मात्र लेकाकडे आला आहे. तो काही वाढवीत नाही. जे ढळले आहे ते जागेवर आणतो. व्हॉल्व्हचे अंतर पातळ पत्रीने मोजून कारखान्याच्या मापाइतके केले. ठिणगीची वेळ जुळविली. मग गाडी दामटून प्लग काढून पाहिले: काळा आला तर पेट्रोल अधिक, पांढुरका आला तर कमी, फिकट तपकिरी आला तर ठीक.

खरा शत्रू धूळ. आमच्याकडील काळ्या मातीची नि मुरुमाची धूळ पिठासारखी बारीक. ती इंजिनात शिरली की सिलिंडरची भिंत कानशीप्रमाणे झिजवते. कित्येक उतावळे वीर अधिक हवा मिळावी म्हणून गाळणीच काढून टाकतात! मिस्त्रीने उलट कागदी गाळणीवर तेलात भिजविलेल्या स्पंजाचे वेष्टण घातले, आणि पुढच्या नळीस आतून ग्रीसचा हात फिरविला. फेरी झाल्यावर ग्रीसवर धुळीची रेघ दिसली, तर सांधा कोठे तरी फुटला आहे असे समजावे. ही युक्ती आम्हांस फार आवडली. वळणावर इंजिनाचे तेल कडेला धावते व पंपाचे तोंड उघडे पडते. म्हणून तेलही खुणेपर्यंत भरलेले असावे.

‘यंत्र’ हा शब्द ‘यम्’ या धातूपासून झाला आहे, आणि त्या धातूचा अर्थ आवरणे. पुतण्यास हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “काका, ब्रेकचे काम मिस्त्रींनी आधीच केलंय.” उत्तर वाईट नव्हते.

आमचा निकाल येणेप्रमाणे. आत पोलादी नळ्यांचा पिंजरा, खांद्यांवरून घ्यावयाचे पट्टे, शिरस्त्राण आणि आग विझविण्याचे नळकांडे यांवाचून गाडी हलणार नाही. गाडीत असे फेरफार करून ती सडकेवर आणणे मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमास धरून होणार नाही. यास्तव मैदानापर्यंत ती टेम्पोत घालून न्यावी. खर्चाचा निम्मा वाटा आमच्या पेन्शनीतून.

बंधूंनी अद्याप होकार दिलेला नाही. परवा जेवताना मात्र त्यांनी नळीची जाडी किती, असे विचारले. आम्ही पिंजऱ्याची आकृती काढून दिली; वहिनी सांगतात, ती त्यांनी पंचांगात घालून ठेवली आहे.