गायरीवरच्या कोंबड्या

गोव्यातल्या पेडण्याचा जांभा पाऊस पितो, कस मात्र धरून ठेवत नाही. चार महिन्यांत शंभर इंचांच्या आसपास पाऊस कोसळतो आणि मातीत मुरवलेलं सत्त्व ओहोळांच्या वाटेनं तेरेखोलला नाहीतर शापोऱ्याला जाऊन मिळतं. डिचोलीचं दुखणं वेगळं. शिरगाव, मये, मुळगावच्या शेतांत खाणींचा गाळ वर्षानुवर्षं उतरला. २०१२ साली खाणी थांबल्या, तरी शेतात साचलेली ती निर्जीव माती तिथंच राहिली. अशा जमिनीला खत हवं, आणि ते दरवर्षी हवं. म्हणून गोठ्यामागे गायरी असायची. शेण, चुलीतली राख, पातेरा, फणसाची चारखंडं, मासळीची खवलं, सगळं त्या खड्ड्यात. आणि खड्ड्यावर दिवसभर कोंबड्या.

कोंबडी गायरीवर काय करते हे एकदा जवळ बसून पाहावं. उजव्या पायानं एक फरकाटा, डाव्यानं एक, मग पाऊलभर मागे सरून, मान तिरकी करून एका डोळ्यानं तळाशी बघायचं. काही वळवळलं की चोच. पिल्लं बरोबर असली तर ती किडा स्वतः गिळत नाही. उचलते, टाकते, पुन्हा उचलते, आणि बारीक कुट्कुट् करत राहते, पिल्लं धावत येईपर्यंत. एवढ्यात आंब्याची, काजूची चिवट पानं, जी एरवी एकमेकांना चिकटून थराथरानं महिनोन्‌महिने तशीच पडून असतात, ती सुटी होतात. वरचं कोरडं खाली जातं, खालचं ओलं वर येतं, मधे हवा खेळते. हेच काम फावड्यानं करायचं तर माणसाची कंबर धरते.

हे उकरणं तिच्या रक्तात आहे. डिचोलीहून सत्तरीकडे सरकलं की रानात राखी रानकोंबडा असाच पातेरा उकरताना भेटतो. भारताबाहेर कुठेही न आढळणारा हा पक्षी. आपल्या कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा खरा, पण तिच्या पायांना पिवळा रंग देणारं जनुक या राखी रानकोंबड्याकडून आलेलं आहे, हे २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. सह्याद्रीच्या रानातलं काहीतरी माझ्या परसातल्या खतात रोज पाय मारतंय, या विचारानं मला दरवेळी भरून येतं.

पण तिचं सगळ्यात मोठं काम माडासाठी असतं आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. माडाचा वैरी गेंड्या भुंगा अंडी घालतो ती कुजत्या शेणात, पातेऱ्यात, पडलेल्या माडाच्या खोडात. म्हणजे आपली गायरीच त्याचं बाळंतघर. अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, वाकड्या आळ्या तिथं काही महिने पोसल्या जातात. मग भुंगा रात्री उडतो, माडाच्या शेंड्यात शिरतो, कोवळा सुईर पोखरतो. पुढं ते चुडतं उलगडलं की कात्रीनं त्रिकोणी कापल्यासारखं दिसतं. शेतकी खातं सांगतं, गायरी उलथा, आळ्या वेचून मारा, नाहीतर त्यांना रोग पाडणारी बुरशी खतात मिसळा. कोंबड्या हे वेचण्याचं काम न सांगता करतात. पूर्ण वाढलेली आळी एकटीला आवरत नाही. मग दोघी-तिघी तिच्यावर तुटून पडतात, ओढाताण होते, आणि एका माडावरचं संकट कमी होतं. माड वाचला तर त्याच्या चुडतांनी पुढच्या पावसात गायरी शाकारायची.

खताचं गणितही सरळ आहे. चांगल्या कुजण्यासाठी कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण ३०ला १ लागतं. सुक्या पानांत कर्ब त्याहून कितीतरी जास्त, कोंबडीच्या शिटेत उलट नत्र भरपूर. दोन्ही एकत्र आली की कुजणं वेग घेतं. मात्र ताजी शिट फार तिखट. हरमलच्या मिरचीच्या रोपाला ती तशीच घातली तर रोप करपून जाईल. शिवाय कोंबड्या ढीग विस्कटत राहतात, तो तापत नाही, आणि तापला नाही तर तणाचं बी आणि रोगजंतू जिवंत राहतात. म्हणून त्यांचं उकरून झालं की ढीग पुन्हा कमरेएवढा रचायचा, पाणी शिंपडायचं, चुडतांनी झाकायचा आणि दोन-तीन महिने तिकडे त्यांना फिरकू द्यायचं नाही. पोटात हात घातला तर चटका बसावा इतका तो तापला पाहिजे. मिरगाच्या आधी वर छप्पर हवंच, नाहीतर सगळं नत्र पहिल्याच पावसात वाहून गेलं म्हणून समजा.

आता गोठे रिकामे झालेत. मोपाचा विमानतळ आल्यापासून पेडण्यातल्या जमिनी हातोहात जाताहेत, परसांना सिमेंटचे कुंपणगडगे आलेत, आणि माघ-फाल्गुनात संध्याकाळ झाली की घराघरापुढं पातेरा जळतो. तो धूर पाहिला की माझा जीव तुटतो. अख्ख्या एका वर्षाचं खत अर्ध्या तासात राख होतं, आणि वर आपण बाजारातून खताची पिशवी आणतो! गाय पाळणं आज सगळ्यांना जमणार नाही हे मान्य, पण चार-पाच कोंबड्यांना गाय लागत नाही. गुडघाभर उंचीचे चिरे तीन बाजूंनी रचले, त्यात पातेरा आणि स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं टाकलं की गायरी झाली. आमच्याकडे कोंबड्यांना सकाळची अंडी घालून झाल्यावर सोडतात आणि तिन्हीसांजेला खुराड्यात घेतात, कारण मुंगूस आणि कोल्हा दोघेही वाट पाहत असतात. गावठीच हवी असं नाही. हैदराबादच्या संशोधन केंद्रानं परसासाठी तयार केलेल्या वनराजा, ग्रामप्रियासुद्धा उकरतात. गावच्या राखणदाराला राखण म्हणून द्यायचा कोंबडासुद्धा यांच्यातच वाढतो. मानमोडीची लस तेवढी चुकवू नये. तो रोग शिरला की आठवड्याभरात वाड्यावरची खुराडी रिकामी होतात, आणि मग गायरी पुन्हा फावड्यानंच उलथावी लागते.