आवड आणि निरुपाय

वानर म्हटले की आपणा मराठी माणसांना अंगणापर्यंत येणारा प्राणी आठवतो. देवळाच्या पायऱ्यांवर, घाटातल्या वळणावर, कौलारू घराच्या आढ्यावर तो आपणास भेटतो. तांबड्या तोंडाचे माकड असो वा काळ्या तोंडाचे वांदर, दोघांनाही जमीन परकी नाही. म्हणूनच, जमिनीवर उतरणे होता होईल तो टाळणारे एक माकड आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण भागात राहते, हे प्रथम वाचले तेव्हा मला मोठे नवल वाटले होते.

हे सिंहपुच्छ माकड. मल्याळम भाषेत त्याला ‘सिंहवालन’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘सिंगळीक’. अंग काळेभोर, चेहऱ्याभोवती करड्या केसांची दाट झालर. ती झालर पाहून कोणासही आयाळ आठवावी. परंतु नाव पडले ते गोंडा असलेल्या शेपटीवरून. उत्तर कन्नड जिल्ह्यातील अघनाशिनीच्या खोऱ्यापासून तामिळनाडूतील कळक्काडच्या डोंगरांपर्यंत, पश्चिम घाटाच्या तुटक तुटक पट्ट्यात त्याचे वास्तव्य आहे. या पट्ट्याबाहेर जगाच्या पाठीवर ते रानात कोठेही आढळत नाही. सारी मिळून संख्या सुमारे 4,000.

त्याची निवड मोठी काटेकोर आहे. त्याला सदाहरित वर्षावन हवे, आणि त्या वनाचाही वरचा मजला हवा. तेथे एका झाडाची फांदी दुसऱ्याच्या फांदीत गुंतलेली असते, त्यामुळे जमिनीस पाय न लावता कळपाला दिवसभर फिरता येते. फळे, बिया, फुले, कीटक हा त्याचा आहार. बाराही महिने काही ना काही पिकत राहील अशी विविध झाडी असेल तरच त्याचा निभाव लागतो. दक्षिणेकडील वनांत ‘वेडिप्लावु’ नावाचे एक उंच झाड आहे. त्याची फळे काटेरी, फणसाच्या धाकट्या भावंडासारखी. इतर फळांची चणचण असते तेव्हा या झाडाची फुले आणि पुढे त्याच्या बिया या माकडाला तारून नेतात. उत्तरेकडे सिरसीच्या बाजूस हे झाड नाही. तेथे ते इतर फळांबरोबर ‘उप्पागे’ खाते. उप्पागे म्हणजे आपल्या कोकमाच्या कुळातलेच एक फळ. त्याची साल गावकरीही गोळा करून विकतात, त्यामुळे एकाच झाडाकडे दोघांचे डोळे लागलेले असतात. 2011 मध्ये अघनाशिनीचे खोरे या माकडासाठी राखीव म्हणून जाहीर झाले.

हे सारे वाचून झाल्यावर त्याला प्रत्यक्ष पाहावे, अशी ओढ मला लागली. प्रथम गेलो ते केरळातील सायलेंट व्हॅलीत. मुक्काळीहून जीपने सैरंध्री नावाच्या ठिकाणी पोचलो. खाली वाहणाऱ्या नदीचे नाव कुंतीपुझा. महाभारताने आपली नावे कोठवर नेऊन ठेवली आहेत, हे पाहून मन हरखले. याच नदीवर धरण होऊन सुमारे 830 हेक्टर वन बुडायचे होते. विज्ञानप्रसार करणारे कार्यकर्ते, कवी आणि शास्त्रज्ञ यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. हे काळे माकड त्या लढ्याची जणू मुद्राच बनले. अखेर प्रकल्प सोडून देण्यात आला आणि 1985 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते तेथील राष्ट्रीय उद्यान देशास अर्पण झाले.

मनोऱ्यावर मी दोन तास उभा होतो. दूर कोठे तरी एका नराची घुमणारी हाक ऐकू आली. एकदा पानांचा एक झुबका हलला. वाटाड्या म्हणाला, “तेच आहेत, सर.” मला मात्र हिरव्या रंगावाचून काही दिसले नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी तामिळनाडूतील वालपारैस जाण्याचा योग आला. पोल्लाचीकडून चाळीस वळणांचा घाट चढून गेले की चहाचे मळे सुरू होतात. येथेही एके काळी अखंड वर्षावन होते; एकोणिसाव्या शतकापासून ते तोडून कॉफी आणि चहा लावण्यात आला. मधेमधे वनाचे तुकडे तेवढे उरले. पुदुतोट्टम हा त्यांतलाच एक, जेमतेम एका चौरस किलोमीटरएवढा. तेथे मला सिंहपुच्छ माकडे दिसली ती दहा हातांवरून, भर रस्त्यात. एक मादी पिलाला पोटाशी धरून डांबरावर बसली होती आणि कोणी टाकलेले बिस्किटाचे पाकीट दातांनी फाडीत होती. आमच्याबरोबरच्या एका गृहस्थांनी छायाचित्र घेतले आणि समाधानाने उद्गारले, “पाहा, माणसाळली! आता यांना जंगलाची आवडच उरली नाही.”

त्यांचे ते वाक्य माझ्या मनात सलत राहिले. इथल्या माकडांची संख्या वाढली आहे, हेही खरे. तेव्हा त्यांचे म्हणणे वरवर पाहता चूक नव्हते. पण आवड हा शब्द कधी वापरावा? दोन वाटा मोकळ्या असताना प्राणी एक वाट धरतो, तेव्हा त्याला आवड म्हणता येईल. सायलेंट व्हॅलीत खाली जमीन होती, वर छत्र होते. तेथे त्याने छत्र निवडले होते. पुदुतोट्टममध्ये छत्रच फाटले आहे. एका झाडावरून दुसऱ्यावर जायचे तर मध्ये रस्ता येतो, आणि रस्त्यावर वाहनाखाली मरणही येते. ज्याला आपण सवय म्हणतो, तिचा उगम निरुपायात आहे.

मळ्यातील मजुरांच्या वस्तीत एका बाईंशी आमच्या चालकाच्या मध्यस्थीने बोललो. माकडे कौले सरकवून घरात शिरतात, तांदूळ सांडतात, म्हणून त्यांनी खिडकीला जाळी ठोकून घेतली होती. त्यांच्या बोलण्यात त्रागा होता, द्वेष नव्हता. त्यांच्या आजीला कोवळ्या वयात सपाटीवरच्या गावातून या मळ्यावर आणले होते. “आम्ही इथलेच झालो, अण्णा,” त्या म्हणाल्या, “पण आजी मरेपर्यंत गावाच्या विहिरीचे नाव काढीत असे.” मी पुढे काही विचारले नाही.

रस्त्यावर वरच्या बाजूस, या झाडापासून त्या झाडापर्यंत, कॅनव्हासच्या जुन्या पाणनळ्यांचे पूल टांगलेले आहेत. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या मंडळींनी ते बांधले. हीच मंडळी गेली वीसहून अधिक वर्षे मळ्यांच्या मधल्या तुकड्यांत मूळची रानझाडे लावीत आहेत. त्या झाडांचे छत्र जुळायला आणखी कित्येक दशके जातील. सिंहपुच्छ मादीला तर दोन-तीन वर्षांतून एकदा एकच पिलू होते. तेव्हा डांबरावर आईला बिलगलेले ते पिलू मोठे होईल तेही बहुधा खालच्याच वाटेने.

तरीही त्या संध्याकाळी कळप पुलापाशी आला, तेव्हा खाली रस्ता पूर्ण मोकळा होता. एकही वाहन नव्हते. पुढचा नर क्षणभर थांबला, आणि वर चढून पुलावरून गेला. त्याच्या मागोमाग एकेक करून सारा कळप वरूनच गेला.