टर्बोची हवा, अंशाअंशाने

गाडी तीच, रस्ता तोच, पण डॅशबोर्डवर दोन नवे आकडे आले आणि बॉनेटखाली केवढी धांदल चाललेली असते ते पहिल्यांदाच दिसलं! पहिला आकडा टर्बोतून निघालेल्या हवेच्या तापमानाचा, दुसरा तीच हवा इंटरकूलरमधून बाहेर पडल्यानंतरचा.

हवा दाबली की तापते, हे सायकलला पंप मारणाऱ्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. पण किती तापते? ३५ अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली, तर आदर्श कॉम्प्रेसरमध्येही ती शंभरी ओलांडते. खरा कॉम्प्रेसर ७० टक्के कार्यक्षम धरला, तर १३० च्या आसपास. कागदावर हे कोरडं गणित होतं. मला ते धावताना बघायचं होतं!

सेन्सर बसवण्याचं कामही काय मजेचं! दोन्ही पाइप खोलून बाहेर काढायचे, भोक पाडायचं, आटे पाडलेली ॲल्युमिनियमची छोटी बुशी आर्गन वेल्डिंगने जोडायची आणि आतला कीस कणन्‌कण धुऊन काढायचा, कारण इंटरकूलरनंतरच्या पाइपातला कण थेट इंजिनात जातो. थंड बाजूला उघड्या टोकाचा थर्मिस्टर: तापमान वाढलं की त्याचा रोध घटतो, आणि टोक उघडं असल्याने हवेतला बदल चटकन टिपतो. गरम बाजूला मात्र के-टाइप थर्मोकपल, कारण प्लास्टिक बॉडीच्या नेहमीच्या सेन्सरची मर्यादा साधारण १३० अंशांनाच संपते. दोन्हींची टोकं हवेच्या मधोमध हवीत. पाइपाला टेकली, की हवेऐवजी धातूचंच तापमान वाचत बसतात.

मग निघालो साताऱ्याकडे! खेड-शिवापूरच्या टोलला रांग, इंजिन आयडलवर, आणि आकडे चक्क उलटे: टर्बोनंतर ६१, इंटरकूलरनंतर ६८! थंड करणारा हवा तापवतोय! माझ्या गाडीत इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर, बॉनेटच्या स्कूपखाली आहे. गाडी उभी, म्हणजे स्कूपात वारा नाही, आणि खालून इंजिनाची धग. टोल सुटला, वारा शिरला, दुसरा आकडा भराभर उतरला. मी एकटाच गाडीत हसत होतो.

खंबाटकीच्या चढाला तर बहार! बूस्ट एक बार, बाहेर ३५, टर्बोनंतर १२८, इंटरकूलरनंतर ६६. म्हणजे टर्बोने चढवलेल्या ९३ अंशांपैकी ६२ वाऱ्यावर सोडून दिले, दोन तृतीयांश! केल्व्हिनमध्ये भागाकार केला, तर त्याच दाबाला सिलिंडरमध्ये सुमारे १८ टक्के जास्त हवा. आणि एक गंमत: पाय दाबला की पहिला आकडा उसळतो, दुसरा मात्र रमतगमत चढतो, कारण इंटरकूलरचं ॲल्युमिनियम ती उष्णता आधी स्वतःत मुरवून घेतं. छोट्या ओव्हरटेकला गाडी ताजीतवानी आणि लांब चढावर जराशी जड का वाटते, त्याचं एक कारण तिथेच समोर लिहून येत होतं!

एकट्या दुसऱ्या आकड्यावरून यातलं काहीच कळलं नसतं. ६६ म्हणजे चांगलं की वाईट, ते १२८ शेजारी असल्याशिवाय सांगताच येत नाही. आणि आता नवा किडा डोक्यात शिरलाय: टर्बो खरंच बाहेरची ३५ अंशांची हवा ओढतो, की बॉनेटखालची तापलेली? एअर फिल्टरपाशी तिसरा सेन्सर लागणार, लागणारच!