दुकानाचें अ‍ॅप आणि वहिनींची वही

संस्कृतांत ‘अप्’ हा शब्द नित्य बहुवचनी आहे. त्याचा अर्थ पाणी; परंतु त्याचें रूप चालवितांना एकवचन नाहींच, आरंभ ‘आपः’ पासूनच व्हावयाचा. तीस वर्षें मुलांकडून हें घोकून घेतांना आम्हांस स्वप्नही पडलें नव्हतें कीं, उतारवयांत याच उच्चाराचा आणि असाच बहुवचनी दुसरा एक पदार्थ आमच्या घरांत शिरणार आहे. दुधाचें अ‍ॅप, विजेच्या बिलाचें अ‍ॅप, बँकेचें अ‍ॅप! एक आलें कीं त्यामागून दहा येतात.

हीं सारीं अ‍ॅपें दुसऱ्यांचीं होतीं, तोंवर आमची तक्रार नव्हती. पण गेल्या चातुर्मासांत एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर आमचा पुतण्या जवळ येऊन बसला व म्हणाला, “काका, आपल्या दुकानाचें अ‍ॅप करून घ्यावें म्हणतों. तीन लाख रुपये लागतील.”

हें दुकान म्हणजे मेतकूट, भाजणी आणि मसाले यांचें. वडील बंधु निवर्तल्यावर वहिनींनीं तें हिंमतीनें चालविलें आणि त्यावरच मुलाला वाढविलें. तीन लाख रुपये घरांत होते. ते आमच्या निवृत्तीच्या वेळचे, नातीच्या शिक्षणासाठीं राखून ठेवलेले. आमच्या कुटुंबानें आमच्याकडे नुसतें पाहिलें. बापाविना वाढलेल्या मुलाला ‘नाहीं’ म्हणणें जड, आणि नातीचे पैसे काढून देणें त्याहून जड. आम्ही म्हणालों, “पैशाचें मागाहून पाहूं. आधीं ‘कां’ तें सांग.”

त्यानें सांगितलें तें विचार करण्याजोगें होतें. “आपला निम्मा माल मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवरून विकला जातो. दर पुड्यामागें त्या आपला वाटा कापून घेतात, तें असो. पण माल घेतो कोण, हें आपणांस कळतच नाहीं. चार वर्षें दरमहा आपलें मेतकूट खाणारें घर त्यांच्या ओळखीचें, आपल्या नव्हे. उद्यां त्यांनीं दुसऱ्याचें मेतकूट वर मांडलें, म्हणजे आपण संपलों.”

व्यापारी अ‍ॅपावर पैसा कां ओततात, याचें मर्म या उत्तरांत आहे. अ‍ॅपल कंपनीनें १० जुलै २००८ रोजीं आपलें अ‍ॅपांचें दुकान उघडलें, तेव्हां त्यांत अवघीं ५०० अ‍ॅपें होतीं. आज पेढीपासून पोळीभाजी केंद्रापर्यंत ज्याला त्याला स्वतःचें अ‍ॅप हवें आहे. संकेतस्थळावर गिऱ्हाइकाला आठवण धरून जावें लागतें. अ‍ॅप त्याच्या खिशांतच बसलेलें असतें. तें मागची मागणी लक्षांत ठेवतें, पत्ता पुन्हां विचारीत नाहीं, डबा रिकामा होण्याच्या सुमारास हळूच हांक मारतें; आणि २०१६ सालीं यूपीआय आल्यापासून पैसेही तेथल्या तेथें चुकते होतात. थोडक्यांत, व्यापारी विकत घेतो ती ओळख.

ही ओळख नवी नव्हे. आमच्या लहानपणीं गल्लीच्या तोंडाशीं असलेल्या वाण्याला कोणाच्या घरीं साखर किती लागते, कोणाचा पगार लांबला आहे, सारें ठाऊक असे. पण आमच्या वडिलांचा पगार लांबला, त्या महिन्यांत त्यानें उधारीचा शब्द काढला नाहीं. ‘ग्राहक’ हा शब्द ‘ग्रह्’ धातूपासून आला, म्हणजे घेणारा. आतां कित्येक अ‍ॅपांच्या बाबतींत घेणारा व्यापारीच ठरतो. आपण काय पाहिलें, कोठें आहों, हें तर तो घेतोच. कांहीं जण भ्रमणध्वनींतील ओळखीच्या माणसांची यादीही मागतात. यासाठींच २०२३ सालीं आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला.

दुसरी गोष्ट, हें दार उघडतांना जुनें दार बंद करूं नये. कपडे विकणाऱ्या मिंत्रा या मोठ्या कंपनीनें मे २०१५ मध्यें आपलें संकेतस्थळ बंद करून सारा व्यवहार केवळ अ‍ॅपावर नेला. तिचे बहुतेक ग्राहक भ्रमणध्वनीवरूनच येत असत. तरी जून २०१६ मध्यें तिला संगणकासाठींचें संकेतस्थळ पुन्हां उघडावें लागलें. तिसरी गोष्ट खर्चाची. अ‍ॅपलकडे नोंदणीचे वर्षाला ९९ डॉलर व गूगलकडे एकदांच २५ डॉलर, एवढ्यावर हें भागत नाहीं. भ्रमणध्वनींची प्रणाली वरचेवर बदलते आणि तिच्याबरोबर अ‍ॅपही दुरुस्त करावें लागतें. एकदां बांधून मोकळें होण्याजोगी ही वास्तु नव्हे.

हें सर्व बोलणें चाललें असतां वहिनी उठल्या आणि त्यांनीं फडताळांतून एक लांबट वही आणून पुढ्यांत ठेवली. फोनवरून माल मागविणाऱ्यांची ती नोंद. आम्हीं मोजदाद केली. घरें २१२, त्यांपैकीं दरमहा मागविणारीं ४१. दिवाळीला एकदां भाजणी घेणारा मनुष्य तिच्यासाठीं अ‍ॅप कशाला बाळगील? म्हणजे तीन लाखांचा भार या ४१ घरांवर, घरामागें सात हजारांहून अधिक! पुतण्यानें तो भागाकार स्वतः पुन्हां करून पाहिला आणि तो गप्प झाला.

अखेर ठरलें तें असें. तूर्त चाळीस हजार रुपयांत साधें संकेतस्थळ करावें. वहिनींचा फोन चालूच ठेवावा. वही संगणकावर उतरवावी. दरमहा येणारीं घरें चारशें झालीं म्हणजे उरलेले पैसे आम्ही देऊं. मुलाचा चेहरा थोडा उतरला. पण दुसऱ्या दिवसापासून तो वही उतरवूं लागला.

चौथ्या दिवशीं तो ती घेऊन आमच्याकडे आला. एका नांवापुढें वहिनींच्या बारीक अक्षरांत लिहिलें होतें, “मीठ कमी.” दुसऱ्या नांवापुढें होतें, “यजमान गेले. तीन महिने विचारूं नये.”

“काका,” तो म्हणाला, “अ‍ॅप असतें तर महिना भरतांच त्या घरीं ‘मेतकूट संपलें का?’ असा निरोप गेला असता.”

आम्हीं त्यास वेगळा उपदेश केला नाहीं. त्यानें आपल्या तक्त्यांत ‘विचारूं नये’ असा एक रकाना वाढविला आहे. पुढें अ‍ॅप झालेंच, तर तो रकाना त्यांत राहावा, ही आमची एकच अट आहे.